अजून हवा

कानटोपी घातली की ह्यांचं कानाचं मशीन शिट्टी मारतं आणि काढली की ह्यांना सर्दी होते. जानेवारीत रात्रीचे तीन तास उघड्यावर बसून गाणं ऐकायचं तर या दोन संकटांमधून वाट काढायला हवी होती, म्हणून निघण्याआधी आठवडाभर बसून मी एक कानटोपी विणली. कानांच्या जागी दोन खिडक्या ठेवल्या. समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनींनी ती पाहिली आणि विचारलं, "नातवाचं गॅदरिंग आहे का?"

गॅदरिंग नव्हतं, आम्ही दोघं रत्नागिरीला निघालो होतो. आर्ट सर्कल ही तिथली संस्था जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात तीन रात्रींचा संगीत महोत्सव करते. मागे राजवाडा, खाली भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र आणि वर छप्पर नाही. हे छप्पर नसणं आमच्यासाठी फार महत्त्वाचं होतं.

हे चौतीस वर्षं एका कारखान्यात पत्र्याच्या विभागात होते. दिवसभर घण, संध्याकाळी ग्रामोफोन. "दिवसा कारखाना, रात्री किराणा" हा त्यांचा ठरलेला विनोद. गाण्यातल्या किराणा घराण्याची माहिती नसलेल्या माझ्या मावशीला बरीच वर्षं वाटत होतं की जावयाचं दुकानही आहे. लग्न 1981 चं. त्यानंतर कितीतरी डिसेंबर आम्ही पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला गेलो. 1953 पासूनचा तो महोत्सव तेव्हा रात्र-रात्र चालायचा. रमणबागेच्या मैदानात सतरंजी टाकायची, थर्मास मध्ये ठेवायचा, आणि शेवटच्या पहाटे भीमसेनजी. मला गाण्यातलं काही कळत नव्हतं. मी विणकाम घेऊन जायचे. मुलीचे तीन स्वेटर मी सवाईत विणले आहेत, आणि त्यातल्या एकाची बाही बागेश्रीत सुरू होऊन तोडीत संपली आहे. राग कोणता हे अर्थातच ह्यांनी सांगितलं म्हणून माहीत.

साठीनंतर घणाने आपला हिशेब मागितला. आधी पक्षी गेले. मग कुकर. मग अक्षरं गळायला लागली. स, त, फ ही बारीक अक्षरं ह्यांच्यापर्यंत पोचायचीच नाहीत. आवाज यायचा, शब्द यायचा नाही. टीव्हीवर एक गायक "सजनवा, सजनवा" असं आळवत होता, तर हे मला म्हणाले, "अगं, अजून हवा, अजून हवा काय म्हणतोय? काय हवंय त्याला?" तेव्हापासून आमच्या घरात दुसऱ्यांदा भात वाढताना "सजनवा?" असं विचारायची पद्धत आहे.

मशीन घेतलं. दोन्ही कानांचं मिळून एका स्कूटरच्या किमतीचं. बोलणं ऐकू यायला लागलं, बँकेतली भांडणं पुन्हा सुरू झाली, सगळं ठीक. गाणं मात्र बिघडलं. ही मशीनं माणसाच्या बोलण्यासाठी केलेली असतात. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं धरून ती तो दाबतात. पंखा, मिक्सर आणि तानपुरा मशीनच्या लेखी एकच. बासरीवाल्याने एक सूर धरून ठेवला की त्याला वाटतं आपलीच शिट्टी वाजतेय, आणि ती बंद करायच्या नादात ते सुराला कंप आणतं. गेल्या वर्षी एका बंद, वातानुकूलित सभागृहात आम्ही गेलो होतो. मध्यंतरात हे उठले. "तानपुरा नाहीये," म्हणाले, "सगळे अधांतरी गातायत." घरी आल्यावर त्यांनी कॅसेटींच्या कपाटावर जुनी चादर टाकली. धूळ बसते म्हणून, असं कारण दिलं. तीस वर्षं धूळ बसत नव्हती का?

चादरीला मी हात लावला नाही, कानाच्या दवाखान्यात मात्र गेले. तिथली मुलगी आमच्या नातीएवढी. तिने मशीनमध्ये संगीताचा वेगळा प्रोग्रॅम टाकून दिला, त्यात आवाज दाबणं आणि शिट्टी रोखणं दोन्ही जवळजवळ बंद. मग म्हणाली, "आजी, बंद हॉलमध्ये आवाज भिंतींवरून फिरून परत येतो ना, तो मशीनला सगळ्यात जास्त त्रास देतो. उघड्यावर न्या आजोबांना. फक्त वारा नको. वारा माइकवर आदळला की नुसतं घर्रर्र होतं."

उघडं मैदान हवं, वारा नको, आणि वर ह्यांची कधीपासूनची थिबा राजवाड्याची इच्छा. आता समुद्रकाठी वारा नाही असं कसं व्हायचं? तर होतं. मी आठवीला भूगोल शिकवत होते. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून जमिनीकडून मतलई वारे जातात. फळ्यावर दोन बाण काढायचे आणि पुढच्या धड्याला लागायचं. पण एक वारा थांबून दुसरा सुरू होईपर्यंत, सूर्यास्तानंतरचे काही तास, किनाऱ्यावर हवा पडलेली असते. हे पुस्तकात नव्हतं, मी कोकणातल्या माहेरी अंगणात बसून शिकलेली. कार्यक्रम संध्याकाळचा. म्हटलं, बसतंय गणित.

ठाण्याहून मांडवी एक्सप्रेस धरली. या गाडीच्या खाण्याची कीर्ती आहे आणि ती खरी आहे, एवढंच लिहिते, नाहीतर हा लेख वड्यांवरच संपेल. उक्षी सोडल्यावर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला तेव्हा ह्यांनी दोन्ही मशीनं काढून डबीत ठेवली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला त्यांचा पहिल्यांदाच हेवा वाटला.

थिबा राजवाडा मी आधी पाहिला नव्हता. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 साली मंडालेहून उचललं आणि दुसऱ्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. का, तर इथे तेव्हा आगगाडी नव्हती आणि पळून जायला जागा नव्हती. हा राजवाडा त्याच्यासाठी बांधला 1910 च्या सुमारास, म्हणजे बिचाऱ्याची चोवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत गेल्यावर. डिसेंबर 1916 मध्ये तो गेला. सहा वर्षं राहायला मिळाला राजवाडा. लाल इमारत, अर्धगोल कमानींच्या सागवानी खिडक्या, आत संग्रहालय. थिबा इथून दुर्बिणीने समुद्रातली जहाजं बघत बसायचा असं गावात सांगतात. मला भूगोलवालीला एक गोष्ट लागून राहिली: तो पाहत होता तो समुद्र पश्चिमेचा. त्याचा देश पाठीमागे, पूर्वेला, अख्खा हिंदुस्थान ओलांडून. जहाजं मोजून त्याला काय मिळत असेल?

ह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "गाणं ऐकायला आलोय आपण." बरोबर आहे.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. परीक्षण लिहिण्याची माझी पात्रता नाही आणि आमच्या दोघांच्या मिळून चार कानांचा भरवसा तर मुळीच नाही.

पहिल्या संध्याकाळी आम्ही बैठकीवर न बसता खुर्च्यांच्या दुसऱ्या रांगेत, ध्वनिवर्धकापासून थोडं आडव्या बाजूला बसलो. गुडघ्यांचा निर्णय. राजवाड्यावर दिवे सोडले होते. गायिकेने पूरिया धनाश्री सुरू केला. खाडीवरचा वारा अजून पुरता पडला नव्हता, ह्यांनी खिडकीवाली टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. मागच्या रांगेतली एक लहान मुलगी आईला म्हणाली, "त्या आजोबांच्या टोपीला भोकं पडलीत." मी ह्यांच्याकडे बघत होते, रंगमंचाकडे नाही. पंधरा-वीस मिनिटांनी वारा थांबला. अगदी बटण दाबल्यासारखा नाही. झावळ्या हलायच्या बंद झाल्या, मग रंगमंचावरचं पडद्याचं कापड सरळ लोंबायला लागलं. ह्यांनी मान थोडी वाकडी केली आणि माझ्या मनगटावर बोट ठेवलं.

"तानपुरा," म्हणाले. मोठ्याने म्हणाले, कारण मशीन असलं तरी आपला आवाज किती लागतो ते ह्यांना कळत नाही. दोन रांगांनी वळून पाहिलं.

मी लोकर बाहेर काढली होती. ती परत पिशवीत ठेवली, कारण आता मला काम लागलं होतं. बंदिशीचे शब्द ह्यांना अजूनही येत नव्हते. मी वहीत लिहून द्यायचे, हे टॉर्चखाली वाचायचे आणि पुढच्या आवर्तनाला मान हलवायचे. इतकी वर्षं मी गाण्यातले शब्द कधी ऐकलेच नव्हते, हे मला तेव्हा कळलं. त्या सगळ्या ख्यालांतल्या सासवा आणि नणंदा! अर्ध्या बंदिशी म्हणजे आमच्या आळीतल्या बायकांचं बोलणं.

उघड्यावरचे त्रासही आहेत. नऊच्या सुमारास दव पडायला लागतं. खुर्चीचा हात ओला लागतो, शाल जड होते. तबल्याची पुडी दमट हवेने सैल पडते आणि स्वर उतरतो, म्हणून तबलजी दर थोड्या वेळाने हातोडी उचलतो. ठक, ठक, ठक. हे प्रत्येक ठोक्याला डोळे मिटत होते. म्हणाले, हा घण चांगला.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकू उतारावर खालच्या अंगाला राहतात. कार्यक्रमाला येत नाहीत. "कशाक येऊ? माज्या पडवीत सगळा ऐकाक येता," म्हणाल्या. ह्यांना वाटलं काकू थापा मारतात. पण रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वरची ऊबदार राहते, तेव्हा आवाज वर उडून न जाता खाली वाकतो. लांबचं रेल्वेचं इंजिन रात्री जवळ ऐकू येतं ते यामुळेच. काकूंची पडवी म्हणजे फुकटची पहिली रांग. वर सकाळी कुळथाचं पिठलं आणि घावन. दुसऱ्या दिवशी सकाळी भाट्याच्या सुरूच्या बनात फिरलो, तिथे हे मशीन काढून चालत होते, आणि आंब्याला मोहोर कुठे कुठे आलाय ते मला बोटाने दाखवत होते. त्या दिवसाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. रात्री बासरी होती. एकदाच सूर थरथरला, तर ह्यांनी बासरीवाल्याला नव्हे, मशीनला शिवी दिली. पुन्हा दोन रांगा वळल्या.

तिसऱ्या रात्री शेवटी सरोद. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा 2000 सालचा नियम; सरकार वर्षातले मोजकेच दिवस बारापर्यंत मुभा देतं. त्यामुळे मध्यरात्रीचे राग आता जेवणाच्या वेळेला येऊन बसलेत. साडेआठला दरबारी सुरू झाला. यावरून हे गेली वीस वर्षं चिडतात. माझं म्हणणं वेगळं आहे. रात्रभर बसायची आपली कंबर राहिलेली नाही, दरबारी साडेआठला दारात येत असेल तर त्याला पाट मांडावा.

आलाप रंगला होता आणि ह्यांच्या उजव्या कानात टिंग-टिंग झालं. बॅटरी संपत आल्याची खूण. नव्या बॅटऱ्या काकूंकडे खोलीत, चहाच्या डब्याशेजारी. ठेवल्या मीच. मी उठायला लागले तर ह्यांनी हात धरून खाली बसवलं आणि दोन्ही मशीनं काढून डबीत टाकली.

मला वाटलं, झालं. पण दरबारी खाली चालतो. मंद्रात, जाड तारेवर, सावकाश. आणि घणाने ह्यांच्या कानातलं वरचं नेलंय, खालचं बरंचसं ठेवलंय. हे पुढे वाकून बसले, कोपर गुडघ्यांवर, आणि डोकं त्या हलणाऱ्या गंधार सुराबरोबर अगदी थोडं हलत होतं. कोमल गंधार, तोही नेहमीच्या कोमलपेक्षा उतरलेला. हे मला 1981 पासून सांगत आले आहेत, मला तो त्या रात्री दिसला. ऐकू आला की नाही ते सांगता येणार नाही, ह्यांच्या मानेवर दिसला. पुढे झाला, म्हणजे शेवटचं झपाट्याचं, वरच्या तारांवरचं वादन, सुरू झालं तसे हे मागे टेकले. तिथे त्यांच्यासाठी काही नव्हतं. मग त्यांनी सरोदवाल्याची बोटं पाहिली.

उतारावरून परत येताना विचारलं, "शेवटी कसं झालं गं?"

मी जरा विचार केला. "लय वाढली तसा तबला थोडा उतरलेला वाटला. दवामुळे असेल."

हे रस्त्यात थांबले. "तुला कधीपासून कळायला लागलं?"

परतीच्या गाडीत फणसपोळ्यांची पिशवी माझ्या मांडीवर, आणि ह्यांची मशीनं डबीत. करबुड्याचा बोगदा लागला, सगळा डबा खडखडाटाने भरला, आणि त्या आवाजात हे गुणगुणायला लागले. म्हणजे त्यांच्या मते गुणगुणत होते. बोगदा संपला, बाहेर लख्ख ऊन, डबा एकदम शांत झाला आणि माझा नवरा भर आवाजात दरबारीचा गंधार हलवत बसलेला. समोरच्या कुटुंबाने मोबाइल खाली ठेवले. चहावाला किटली घेऊन आमच्यापाशी आला होता तो तसाच उभा राहिला, दांडीला धरून, ह्यांचा षड्ज लागेपर्यंत.

मी दोन बोटं वर केली. त्याने दोन चहा ओतले.

ह्यांनी एका घोटात संपवला आणि कागदी पेला पुढे केला. "सजनवा?" मी विचारलं. ओठांवरून कळतं त्यांना.