ओसाकातला बांगडा आणि रोजची बिर्याणी

जपानला जाऊन दोन्ही वेळ बिर्याणी जेवलेली माणसं बघायची असतील तर आमच्या हलाल सहलीचे फोटो बघा. एखाद्या दिवशी बदल म्हणून कोरमा. युरोपात नेऊन पुरणपोळी वाढणाऱ्या टूरवाल्यांना मी आजवर हसत आले. आमचा त्यांचाच मावसभाऊ निघाला. त्यात आम्ही रत्नागिरीकडचे. घरी रोज भात, तांदळाची भाकरी, माशाचं कालवण. बिर्याणी लग्नात!

टूरवाल्याची धास्ती अगदीच खोटी नव्हती म्हणा. जपानी स्वयंपाकात साके आणि मिरिन, म्हणजे तांदळाची दारू, कशातही असते. सोया सॉसमध्येसुद्धा बरेचदा वरून अल्कोहोल घातलेलं असतं. रामेन नूडल्सचा रस्सा बऱ्याच ठिकाणी डुकराच्या हाडांचा. पण 2013 साली जपानने मलेशियाच्या लोकांना व्हिसा माफ केला, इंडोनेशियाचेही प्रवासी वाढले, आणि दुकानदार शहाणे झाले. तोक्योत असाकुसाला हलाल रामेन मिळतं, कान्साई विमानतळावर नमाजखोली आहे, वजूच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या, सोयीसकट. एवढं सगळं असताना आम्ही बिर्याणी का खात होतो?

ओसाकात अम्मीचा संयम सुटला. “मला मासा पाहिजे,” म्हणाली आणि ग्रुप सोडून चालायलाच लागली. गल्लीतल्या एका छोट्या खाणावळीच्या काचेत भाजलेला मासा मांडलेला दिसला. आत एक आजी. मी मोबाईलवर भाषांतर करून विचारलं: दारू? मिरिन? आजींनी चष्मा लावून वाचलं, आत जाऊन कच्चा मासा आणि मिठाचा डबाच आणून आमच्यापुढे धरला. फक्त मीठ. मग मिसो सूपच्या बरणीवरची बारीक अक्षरं बोटाने वाचत गेल्या, एका ठिकाणी थांबल्या, मान हलवली आणि सूप ट्रेमधून स्वतःच काढून टाकलं. सोया सॉसची बाटलीही उचलली. जाळी आमच्यासाठी पुन्हा घासून घेतली, ते तर आम्ही सांगितलंही नव्हतं.

मासा आला. साबा, म्हणजे आपल्या बांगड्याचा सख्खा भाऊ. कातडी करपून फुगलेली, बाजूला किसलेला मुळा, लिंबाची फोड, वाफाळता चिकट भात. अम्मीने चॉपस्टिक बाजूला सारल्या, हाताने काटा सोडवला आणि म्हणाली, “तिखट नाय, बाकी आपलाच हाय.” आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, समुद्रातलं जवळजवळ सगळं आम्हाला चालतं, खेकडे-कालवांपाशी हनफी पंथाची मंडळी अडतात. म्हणजे जपानसारखा देश आम्हाला सोपा जायला हवा. पण सहल विकणाऱ्याला मुसलमान म्हटलं की मटणच दिसतं.

क्योतो गर्दीत गेलं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

कोबेची मशीद मात्र मनापासून बघायची होती. 1935 सालची, जपानमधली सगळ्यात जुनी. तिच्या वर्गणीत तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांचेही पैसे आहेत. महायुद्धातल्या बॉम्बफेकीतून वाचली, 1995च्या भूकंपातूनही. आम्ही जोहर-असर, म्हणजे दुपारच्या दोन्ही नमाज, एकत्र, प्रवासातली कसर (आखूड नमाजाची सवलत) म्हणून चाराऐवजी दोन-दोन रकात पढलो, तेवढ्यात गाइड दारात घड्याळ दाखवत उभा. मशिदीला वीस मिनिटं, पुढे मॉलला दोन तास. आणि ही म्हणे हलाल सहल! अम्मीने सावकाश नमाजाच्या शेवटचा सलाम फेरला, तस्बीह, म्हणजे जपमाळ, काढली आणि त्याला म्हणाली, “बाबा, मॉलात मला काय घ्यायचं नाय. तू जा.”