रिकाम्या ढोलीचा पुरावा

रत्नागिरी जिल्ह्यात आमच्या गावच्या सड्याखाली, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठाराखाली, वहाळाच्या (ओढ्याच्या) काठाने आमचे सामायिक मालकीचे रान आहे आणि त्याच्या मध्यावर दोघांच्या कवेत न मावणारा एक बेहडा उभा आहे. त्याच्या खोडावर बरीच उंच, उभी आणि अरुंद तोंडाची ढोली आहे. महाधनेश या मोठ्या चोचीच्या पक्ष्याची जोडी, जिला आमच्याकडे सगळे गरुडच म्हणतात, दरवर्षी त्याच ढोलीत विणीला येते, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. गेल्या पावसाळ्यानंतर हिस्सेदारांनी सगळे रान एका ठेकेदाराला उक्ते दिले आणि तोडीच्या यादीत हा बेहडाही गेला. तो यादीतून वगळून घेण्यासाठी मला तालुक्याच्या ठिकाणी वनखात्याच्या कार्यालयात सात फेऱ्या माराव्या लागल्या. त्या फेऱ्यांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

मुंबईच्या काकांची आणि चुलत भावंडांची संमती मला अवघड वाटत होती, पण ती दोन दिवसांत मिळाली. ठेकेदारानेही अडवले नाही, कारण पोकळ झाडाला लाकूड म्हणून भाव नसतो. मात्र १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली प्रस्ताव आधीच दाखल झालेला असल्यामुळे कागदावरून झाड काढल्याशिवाय मजुरांना थांबवण्याची जबाबदारी घेणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले.

अडले ते इथेच. सातबारा, संमतीपत्र आणि झाडाचा फोटो जोडून मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज दिला. आठ दिवसांनी तो ‘घरट्याचा पुरावा जोडावा’ असा शेरा मारून परत आला. मी ढोलीचा फोटो दाखवला, तेव्हा टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, हे नुसतं भोक आहे. पक्षी कुठाय?” धनेशाची मादी जानेवारी-फेब्रुवारीत ढोलीत शिरते, आपली विष्ठा आणि फळांचा चोथा लिंपून तोंड आतून बंद करून घेते आणि चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. पुढे कित्येक आठवडे तिचा आणि पिल्लाचा सारा चारा नर त्या फटीतून पुरवतो, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पिल्लू उडून गेले की ढोली पुन्हा रिकामी दिसते. हे सगळे मी उभ्याउभ्या सांगितले. उत्तर मिळाले, “मग फेब्रुवारीत या.” फेब्रुवारीपर्यंत आमच्या रानात एक खोड उभे राहिले नसते. तोड पाऊस संपल्यावर सुरू होते, पक्षी घरट्यात असतो तो त्यानंतर, आणि पुरावा मागितला जातो तो मधल्या रिकाम्या महिन्यांत. या कारभारात बसलेल्या कोणालाही ही विसंगती खटकू नये, याचे मला आजही वाईट वाटते. पुढच्या तीन फेऱ्यांत साहेब दौऱ्यावर, साहेब बैठकीत आणि फाइल दुसऱ्या टेबलावर, अशीच उत्तरे ऐकली. तोवर कुऱ्हाडीचा आवाज वहाळापर्यंत आला होता.

धनेशाला सुतार पक्ष्याप्रमाणे स्वतः ढोली कोरता येत नाही. फांदी मोडून, गाभा कुजून शे-दीडशे वर्षांच्या झाडात आपोआप झालेली प्रशस्त ढोलीच त्याला लागते. तोडलेले रान पंधरा वर्षांत पुन्हा हिरवे दिसू लागते, पण त्या बारीक खोडांत अशी ढोली नसते. त्यामुळे पोकळ झाड कुचकामी हा समज मुळातच चुकीचा आहे.

सहाव्या फेरीत मी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या छापून नेली. पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे हेही तीत मोडते आणि महाधनेश पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, या दोन ओळींखाली मी लाल रेघ मारली होती. कागद वाचल्यावर बोलण्याचा सूर बदलला आणि स्थळपाहणीची तारीख मिळाली. तुम्हाला असे काही करायचे असेल, तर पहिल्याच अर्जात हा उल्लेख करा. मला तो उशिरा सुचला.

पाहणीला आलेले वनरक्षक मात्र जाणते निघाले. त्यांनी वर पाहण्याआधी ढोलीच्या बरोबर खालचा पाचोळा हाताने बाजूला केला. तिथे वीतभर घेरात रानजायफळाची सात रोपे दाटीने उगवलेली होती. एका रोपाच्या बुडाशी बी अजून चिकटलेले होते, कवच मधोमध उकललेले. रानजायफळाचे झाड आमच्या उतारावर एकही नाही. ते आहे वहाळापलीकडच्या देवराईत. नराने चोचीतून आणलेल्या फळांच्या बिया ढोलीतून खाली पडल्या आणि पावसात रुजल्या होत्या. ढोलीच्या कडेला गेल्या वर्षीच्या लिंपणाचा काळपट थरही दुर्बिणीतून दिसला. पंचनाम्यात त्यांनी रोपांची संख्या लिहिली, लिंपण लिहिले आणि गट नंबरासह झाड वगळण्याची शिफारस केली. डिसेंबरच्या मध्यावर यादीतल्या बेहड्याच्या क्रमांकावर काट पडली, तेव्हा मी त्या कार्यालयाच्या पायरीवर बसून रडले.

केवळ एक झाड ठेवून भागत नाही, म्हणून मी ठेकेदाराला विनंती करून आसपासची किंजळ, ऐन आणि दोन उंबरही राखून घेतले. त्या बदल्यात आमच्या हिश्श्याची थोडी रक्कम सोडली. उघड्यावर एकटे पडलेले पोकळ झाड वाऱ्याने पडते. फेब्रुवारीत मादी आत गेल्यावर मी दूरच्या बांधावरून, झुडपाआड बसून फोटो काढले. झाडाखाली गेले नाही, कारण माणूस दिसला की नर चारा न देता परत फिरतो. त्या फोटोंवर तारीख आहे. शेजारच्या रानाचा प्रस्ताव येईल तेव्हा ते उपयोगी पडतील.

आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझा पहिला अर्ज ‘आलाच नाही’ असे मला तिसऱ्या फेरीत सांगण्यात आले होते, तेव्हा तोच कागद पुढे करता आला.