विंडो अडखळते तेव्हा प्रायॉरिटी कोणाची बदलायची?

हजारभर फोटोंचे थंबनेल (छोटी चित्रं) बनवायला घेतले की विंडो अडखळायला लागते. मग विंडोजवर हमखास केला जाणारा उपाय म्हणजे पूर्ण प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, ‘हाय’ प्रायॉरिटी (सीपीयू मिळण्यातला अग्रक्रम) देणं. त्याने काही साधत नाही. थ्रेड म्हणजे प्रोग्राममधला कामाचा एक स्वतंत्र धागा; विंडो सांभाळणाऱ्या यूआय थ्रेडबरोबर थंबनेल बनवणारे वर्कर थ्रेडही तितकेच वर चढतात, त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. भुर्दंड पडतो तो बाकीच्या प्रोग्रामना.

प्रोसेसचा क्लास (प्रायॉरिटीचा गट) पायाचा आकडा ठरवतो, आकडा मोठा तितका मान आधी: आयडल ४, बिलो नॉर्मल ६, नॉर्मल ८, अबव्ह नॉर्मल १०, हाय १३, रिअलटाइम २४. त्यावर थ्रेडचे उणे २ ते अधिक २ मिळवायचे. म्हणजे नॉर्मल प्रोसेसमधला ‘लोएस्ट’ थ्रेड ६ वर. ‘टाइम क्रिटिकल’ मात्र ही बेरीज न करता थेट १५ वर जातो. असा एखादा थ्रेड लूपमध्ये अडकला तर तो एक कोअर अडवून बसतो. रिअलटाइमच्या वाटेला जाऊच नका. तो माऊस-कीबोर्डलाही ताटकळत ठेवू शकतो. शिवाय पुरेसा अधिकार नसेल तर विंडोज एररही न देता ‘हाय’ लावून मोकळं होतं.

माझं मत स्पष्ट आहे: यूआय ८ वरच राहू द्या, वर्कर खाली आणा. वर्करच्या फंक्शनची पहिलीच ओळ सेटथ्रेडप्रायॉरिटीची (थ्रेडची प्रायॉरिटी ठरवणाऱ्या विंडोजच्या फंक्शनची) असावी, थ्रेडची पातळी ‘बिलो नॉर्मल’, म्हणजे उणे १; नॉर्मल प्रोसेसमध्ये तो ७ वर येतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये लिहीत असाल तर यासाठी स्वतंत्र थ्रेड घ्या; थ्रेडपूलचा (पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार थ्रेडच्या साठ्यातला) थ्रेड पूलमध्ये परतला की त्याची प्रायॉरिटी पुन्हा नॉर्मल होते. काम डिस्कवर अडत असेल तर सीपीयूची प्रायॉरिटी उतरवून फारसा फरक पडत नाही. तिथे व्हिस्टापासून आलेला ‘थ्रेड मोड बॅकग्राउंड बिगिन’ वापरा. त्याने डिस्कच्या रांगेतही थ्रेड मागे जातो. तो ज्या थ्रेडला हवा त्यानेच स्वतःसाठी लावायचा असतो, आणि काम संपल्यावर ‘एंड’ विसरायचा नाही.

आता खरी गोम. वर्कर ७ वर आहे, त्याने फोटोंच्या यादीचं लॉक घेतलंय, म्हणजे तो सोडेपर्यंत दुसऱ्या थ्रेडला यादीला हात लावता येत नाही. तेवढ्यात दुसऱ्या प्रोग्रामचे ८ वरचे थ्रेड सगळे कोअर व्यापतात. वर्करला सीपीयू मिळत नाही, म्हणून लॉक सुटत नाही, आणि त्या लॉकसाठी थांबलेला यूआय थ्रेड ८ वर असूनही गोठतो. हेच प्रायॉरिटी इन्व्हर्जन. जवळपास ४ सेकंद ताटकळलेल्या थ्रेडला विंडोज थोड्या वेळापुरतं १५ वर नेतं, म्हणून विंडो काही सेकंद मेल्यासारखी होते आणि आपोआप जिवंत होते. ही खूण ओळखायला शिका.

यावर प्रायॉरिटी पुन्हा वाढवणं हा इलाज नव्हे. डीकोडिंग, आकार बदलणं, फाइल वाचणं हे सगळं लॉकच्या बाहेर करा. तयार चित्र यादीत ठेवण्यापुरतंच लॉक घ्या. त्याहून बरं म्हणजे पोस्टमेसेजने (विंडोला निरोप धाडणाऱ्या फंक्शनने) निकाल यूआयकडे पाठवा आणि यादीला फक्त यूआय थ्रेडलाच हात लावू द्या. मग लॉकच लागत नाही.

चाचणी रिकाम्या मशीनवर घेऊ नका, तिथे हा दोष दिसतच नाही. जितके लॉजिकल कोअर तितके नॉर्मल प्रायॉरिटीचे रिकामे लूप दुसऱ्या प्रोसेसमध्ये चालू ठेवा, थंबनेल सुरू करा आणि स्क्रोल करून बघा.