घोडी सीमेपार नेताना: माझा अनुभव

गेल्या सप्टेंबरात आम्ही कॅलगरीजवळचं घर सोडून मोंटानातल्या बोझमनला आलो. सामान ट्रकनं गेलं. रेवाला, आमच्या अकरा वर्षांच्या घोडीला, आमच्याच ट्रेलरमधून न्यायचं ठरलं. घरापासून लेथब्रिजमार्गे सीमेवरच्या कूट्सपर्यंत साधारण 300 किलोमीटर, पलीकडे अमेरिकेतलं स्वीटग्रास. रस्ता सोपा आहे. मला रडवलं ते रेवाच्या एका पांढऱ्या पायानं.

कॅनडातून अमेरिकेत घोडा न्यायला दोन कागद मुख्य. पहिला कॉगिन्सचा, म्हणजे इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमियासाठीच्या रक्ततपासणीचा. ही तपासणी सीमा ओलांडण्याआधीच्या 180 दिवसांतली हवी. हा रोग घोडमाश्यांमुळे पसरतो, त्याला लस नाही, औषध नाही, त्यामुळे ही सक्ती मला पटते. दुसरा आरोग्य दाखला. तो आपल्या डॉक्टरांनी घोडी तपासून भरायचा, त्यावर सरकारी पशुवैद्यकांची सही-शिक्का घ्यायचा, आणि तो फक्त 30 दिवस चालतो.

दोन्ही कागदांवर घोड्याचं वर्णन लागतं. छापील घोड्याच्या चित्रावर डॉक्टर पेनानं पांढरे भाग रेखाटतात, केसांच्या भोवऱ्यांच्या जागी फुल्या मारतात. रेवा तपकिरी, आयाळ काळी, कपाळावर चांदणी आणि मागचा डावा पाय खुरापासून वर चार बोटं पांढरा. तेवढा एकच पाय. दाखल्यावर तो डावा होता. कॉगिन्सच्या कागदावर उजवा.

शिक्क्यासाठी पाठवलेले कागद तिसऱ्या दिवशी परत आले: वर्णन जुळत नाही. शिक्का देणाऱ्यांचं बरोबरच होतं. माझा राग क्लिनिकवर आहे आणि तो अजून गेलेला नाही. पहिल्या दिवशी फोन केला तर डॉक्टर बाहेर. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पेनानं दुरुस्त करून देतो. मी शिक्क्याच्या ठिकाणी विचारलं. प्रयोगशाळेच्या अहवालावर खाडाखोड अजिबात चालणार नव्हती. म्हणजे पुन्हा रक्त, पुन्हा पैसे, पुन्हा वाट पाहणं. चूक त्यांची, पण साधं ‘सॉरी’सुद्धा कुणी म्हणालं नाही.

तोवर घराच्या किल्ल्या दिल्या होत्या. मी मैत्रिणीकडे झोपत होते आणि रोज सकाळी तबेल्यात जात होते. दाखल्याचे दिवस सरत होते. एकदा रेवाचा तो पाय धुऊन, चिखल काढून, कितीतरी वेळ हातात धरून बसले. बघायला क्षणभर लागतो, कुणीही बघावं! माझे आजोबा खानदेशातले, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला जायचे. सांगायचे, तिथला व्यापारी भोवरे आणि पाय नीट पाहिल्याशिवाय विसार देत नाही. इथं शिकलेल्या डॉक्टरला एका घोडीचा डावा-उजवा पाय सांगता आला नाही.

नवा अहवाल यायला सहा कामाचे दिवस लागले. म्हणून कळकळीनं सांगते, रक्त घेताना स्वतः तिथं उभं राहा. चित्र काढून झालं की कागद हातात घेऊन घोड्याच्या दोन्ही बाजूंनी फिरा आणि एकेक पाय ताडून पाहा. मगच डॉक्टरांना जाऊ द्या. दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचायचं कामही आपलंच, दुसरं कुणी करत नाही.

सीमेवर अमेरिकेच्या पशुवैद्यकांची वेळ आधी घ्यावी लागते. कस्टम्स एजंटालाही आधीच फोन करून ठेवा. पशुवैद्यकांनी कागद पाहिला, वाकून मागचा पाय पाहिला, मान हलवली आणि सही केली. पंचवीस मिनिटंही लागली नाहीत. गाडीत बसल्यावर मला रडू आवरेना.

एक राहिलंच: पाणी घरचं न्या. वास वेगळा आला की घोडी पीत नाही, आणि प्रवासात पाणी कमी पडलं की पोटात कळा सुरू होतात. आम्ही दोन मोठे कॅन भरून घेतले होते, दर तीन-चार तासांनी थांबून पाजत होतो. मोरकीची दोरी आखूडही बांधू नका. मान खाली घालता आली नाही तर श्वासातली धूळ बाहेर पडत नाही आणि फुप्फुसांना संसर्ग होतो.

रात्री ग्रेट फॉल्सला मुक्काम केला. रेवा उतरली, जमीन हुंगली आणि चारी पाय वर करून मनसोक्त लोळली. डावा मागचा पांढरा पाय दिव्याच्या उजेडात लांबूनही दिसत होता.