‘वेडंवाकडं काही मनात नाही ना?’ हा प्रश्न मी सोडून दिला

‘वेडंवाकडं काही मनात नाही ना?’ या प्रश्नात हवं ते उत्तर आधीच भरून ठेवलेलं असतं. विचारणाऱ्याला ‘नाही’ ऐकून मोकळं व्हायचंय, हे मूल ओळखतं आणि ‘नाही’ म्हणतं. मुलांचं समुपदेशन करताना मी सरळ विचारते: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ आवाज नेहमीचाच ठेवायचा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. ती दहा सेकंदं फार लांब वाटतात. ती बोलून भरून काढली की समोरचं मूल सुटतं आणि प्रश्न तिथेच राहतो.

विचारल्यानं नसलेलं डोक्यात शिरेल, ही भीती पालकांना असते, शिक्षकांना तर त्याहून जास्त. संशोधक मॅडलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांतल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर हे तपासलं. अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आत्महत्येबद्दल विचारलं होतं त्यांची अस्वस्थता इतरांपेक्षा वाढली नाही. आधीच नैराश्यात असलेली किंवा पूर्वी प्रयत्न केलेली मुलं तर विचारल्यावर थोडी हलकी झालेली दिसली.

पण या प्रश्नाच्या आधी एक वाक्य यावं लागतं: ‘तू सांगशील ते माझ्यापाशी राहील, पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला घरच्यांना सांगावंच लागेल.’ हे आधी सांगितलं तर काही मुलं गप्प होतात, खरंय. नंतर सांगितलं तर मात्र फसवल्यासारखं होतं, आणि फसवलेलं मूल पुढच्या मोठ्या माणसालाही काही सांगत नाही. घरी काय कळवायचं, याचीही सीमा असते. धोका किती, त्यासाठी काय करायचं, एवढं पुरतं. प्रेमप्रकरण, मित्रांचे तपशील, वहीतली पानं घरी पोचवायची नसतात. ‘तू सांगतोस, मी सांगू, की दोघं मिळून?’ एवढी निवड दिली तरी बरीच मुलं ‘दोघं मिळून’ म्हणतात.

‘हो’ म्हटल्यावर थांबायचं नाही. ‘झोपावं आणि उठूच नये’ वाटणं वेगळं, मारून घ्यायचा विचार वेगळा, कसं करायचं ते ठरलेलं असणं आणखी वेगळं. मी याच क्रमानं विचारते: किती वेळा येतं, शेवटचं कधी आलं, काही ठरवलंय का, जे ठरवलंय ते हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न झालाय का, विशेषतः गेल्या तीन महिन्यांत, आणि या क्षणी मनात आहे का. शेवटचा प्रश्न हटकून राहून जातो. स्वतःला इजा करून घेणं हेही वेगळं विचारते. पुष्कळ मुलं ते मरण्यासाठी करत नाहीत, असह्य झालेलं आवरण्यासाठी करतात. पण पुढच्या धोक्याशी त्याचा संबंध आहे, म्हणून ‘लक्ष वेधायला करतोय’ म्हणून सोडून देता येत नाही. हे सगळं आईवडिलांना बाहेर बसवूनच. त्यांच्यासमोर मिळालेलं ‘नाही’ मी मोजत नाही.

या क्षणी विचार आहे, बेत ठरलाय, साधन जवळ आहे. किंवा नशेत आहे, कानात आवाज येतात. किंवा ‘आज रात्री स्वतःला सांभाळशील का?’ यावर उत्तरच येत नाही, तर पुढची कागदपत्रं नंतर. एक मोठं माणूस सतत नजरेच्या टप्प्यात, दुसऱ्यानं आपत्कालीन सेवेला फोन, आणि थेट रुग्णालय. काही घेतल्याची नुसती शंका असली तरी त्रास दिसायची वाट बघायची नाही. मूल आत्ता ठीक दिसतं, याला त्या वेळी काही अर्थ नसतो. वेष्टन सापडलं तर सोबत न्यायचं.

तितका तातडीचा धोका नसेल तर त्याच बैठकीत सुरक्षा योजना, म्हणजे असे विचार पुन्हा आले तर काय करायचं याचा कागद, लिहायची. मानसशास्त्रज्ञ बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांच्या आराखड्यात सहा टप्पे आहेत: धोक्याच्या खुणा, एकट्यानं करता येण्याजोग्या गोष्टी, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, व्यावसायिक मदत आणि हेल्पलाइन, आणि आसपासचं सुरक्षित करणं. पाऊण तास धरावा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ही योजना आणि नंतरचे पाठपुरावा फोन मिळालेल्या रुग्णांमध्ये सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन ४५ टक्के कमी आढळलं. ते रुग्ण प्रौढ माजी सैनिक होते. किशोरांसाठी आकडा तसाच्या तसा उचलू नये, पण योजनेच्या जोडीला फोन होता हे लक्षात ठेवावं.

योजना मोडते ती ठरावीक ठिकाणी. पहिलं, अक्षर माझं आणि शब्दही माझे. ‘नकारात्मक विचार वाढणे’ असं कुठलंच मूल स्वतःशी म्हणत नाही. ‘छातीत दगड ठेवल्यासारखं होतं, मग मी मेसेजना उत्तरं देणं बंद करतो’ ही खरी खूण. दुसरं, दिवसाउजेडी सुचलेले उपाय. ‘मैदानावर जाईन’ हे रात्री दोन वाजता चालत नाही. म्हणून प्रत्येक ओळीला मी एकच वेळ लावून बघते: रात्रीचे दोन, घर झोपलेलं, हातात फोन. तोंडावर गार पाणी मारणं, चार मोजत श्वास आत आणि सहा मोजत बाहेर, आधीच साठवून ठेवलेली गाणी, असलं टिकतं. तिसरं, ‘मामा’ एवढंच लिहिलेलं असतं. मामांना ठाऊक आहे का आपलं नाव इथे आहे ते? रात्री फोन उचलतात का? पहिलं वाक्य काय म्हणशील? ते वाक्यही लिहून ठेवायचं, कारण त्या वेळी शब्द सुचत नाहीत. ‘बोलत राहा, कारण विचारू नकोस’ एवढं पुरे. हेल्पलाइनचा नंबर आम्ही तिथेच लावून बघतो. बंद पडलेला नंबर योजनेत असणं वाईट. शेवटी प्रत्येक ओळीला विचारते, ‘हे खरंच करशील याला दहापैकी किती?’ सातच्या खाली उत्तर आलं तर आड काय येतंय ते शोधायचं किंवा ओळ खोडायची.

‘असं काही करणार नाहीस, वचन दे’ हे मात्र कागदावर नको आणि तोंडीही नको. वचनानं मूल सुरक्षित होत नाही. उलट विचार पुन्हा आले की ते सांगायला लाजतं, कारण आता ते वचन मोडल्यासारखं होतं.

सहावा टप्पा पालकांचा. आत्मघाताची तीव्र ओढ बरेचदा थोडा वेळच टिकते. त्या वेळात साधन लांब असणं हीच सगळी कमाई. लपवणं म्हणजे कुलूप नव्हे. घरातल्या लपवायच्या जागा मुलांना आपल्याइतक्याच पाठ असतात. आजी-आजोबांच्या गोळ्यांसकट सगळी औषधं कुलपात, किल्ली अंगावर, लागणारा डोस मोठ्यांनी हातात द्यायचा, जुनी उरलेली औषधं घराबाहेर. आणखी काय हलवायचं हे मुलाच्या उत्तरांवरून ठरतं. आणि हे मुलाला सांगून करायचं, शिक्षा म्हणून नव्हे. फोन काढून घ्यायचा मोह इथेच होतो. पण योजनेतली निम्मी माणसं त्याच फोनमध्ये आहेत. झोपेसाठी रात्रीचा काही वेळ मर्यादा घालायची असेल, तर मदतीचे नंबर लावायला दुसरा फोन हाताशी हवा.

मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्यावरची गोळी सुरू केली तर पहिले काही आठवडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. मुलांवरच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २ टक्के मुलांमध्ये आत्मघाती विचार किंवा वर्तन दिसलं होतं. मृत्यू एकही नव्हता. हे वाचून गोळी घरच्या घरी बंद करणं ही त्याहून मोठी चूक. बेचैनी, झोप उडणं, एकदम चिडचिड, पूर्वी नव्हतं असं काही दिसलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, हे मुलालाही आधी सांगावं. नाहीतर दहाव्या दिवशी ‘माझ्यावर औषधही चालत नाही’ असा निष्कर्ष तयार असतो.

रुग्णालयातून घरी आल्यावर सगळ्यांना हुश्श होतं, आणि नेमके तेव्हापासूनचे पहिले आठवडे जास्त धोक्याचे. पुढच्या भेटीची तारीख हातात असल्याशिवाय घरी सोडून घेऊ नये, आणि ती सात दिवसांच्या आत असावी. पहिला फोन मी तीन दिवसांत करते. अचानक आलेली शांतता, वस्तू वाटून टाकणं, हे ‘सुधारला’ म्हणून सोडू नये, सरळ विचारावं. शाळेत परतताना कोणत्या शिक्षकाला काय माहीत असेल, मधेच वर्गाबाहेर पडायचं असेल तर कुठे जायचं आणि वर्गमित्रांनी विचारलं तर एका ओळीत काय सांगायचं, हे आदल्या दिवशी ठरवावं. बुडालेला सगळा अभ्यास पहिल्याच आठवड्यात भरून काढायचा आग्रह शाळेचा असतो. तिथे मी भांडते.

सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ रुग्णांपैकी सुमारे अर्ध्यांच्या गटाला पाच वर्षं छोटी पत्रं पाठवली होती. उत्तराची अपेक्षा नाही, सल्ला नाही. पहिली दोन वर्षं त्या गटात आत्महत्या कमी झाल्या. माझे मेसेज त्याच वळणाचे असतात: ‘आठवण आली. उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही.’ आणि प्रत्येक भेटीत आम्ही योजनेचा कागद समोर ठेवतो. गेल्या खेपेपासून कोणती ओळ वापरली, कोणती नुसतीच शोभेला आहे, ते मूल सांगतं. शोभेची ओळ खोडून तिथे नवी लिहायची, पेन मुलाच्या हातात.