प्रवाळ बघायला निघालो आणि कानापाशी अडकलो

मालवणच्या समुद्रात प्रवाळाच्या नोंदी करायला जायचं असेल तर पोहणं जमतं, रजा मिळते, गाडीचं तिकीटही मिळतं. घोडं अडतं ते डॉक्टरांच्या सहीपाशी.

डायव्हिंगच्या कोर्सआधी तब्येतीची प्रश्नावली भरावी लागते. सगळी उत्तरं 'नाही' असली तर विषय संपला. माझं लहानपणी कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून एक 'हो' आलं. धुळ्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या भाऊंनी आधी केस पेपर काढायला लावला, मग फॉर्म उलटसुलट करून म्हणाले, "हा आपला नमुना नाही." त्यांचा नमुना नोकरीच्या फिटनेसचा. आत डॉक्टरांनी बीपी घेतलं, छाती तपासली, कानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि "समुद्राचं आम्ही कसं लिहून देणार?" म्हणत मोठ्या साहेबांकडे धाडलं. साहेब मीटिंगला. पुन्हा गेलो तर रजेवर. बाकावरचे एक बाबा हसून अहिराणीत म्हणाले, "समुद्र कथा, आपन कथा!" म्हणजे समुद्र कुठे, आपण कुठे! खिडकीवाल्यांपेक्षा त्यांनीच जास्त आस्थेनं चौकशी केली.

शेवटी सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाक दाबून, तोंड मिटून हवा फुगवायला लावली आणि पडदा हलतो का ते पाहिलं. दहा मीटर खोलीवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो. कान तो झेलेल का, एवढाच प्रश्न होता. झाली सही! तुम्हीही थेट तिथेच जा. फॉर्मसोबत डॉक्टरांसाठी सूचनांची पानं असतात, तीही छापून न्या.

कोर्स मजेत झाला. नोंदीसाठी 'कोरलवॉच' या प्रवाळ-निरीक्षण प्रकल्पाचा रंगतक्ता वापरतात. प्रवाळाचा सर्वांत फिका आणि सर्वांत गडद भाग तक्त्याशी ताडायचा, जुळणाऱ्या रंगछटेचा संकेत 'डी२', 'डी५' असा लिहायचा. पाणी तापलं की प्रवाळातलं शेवाळ निघून जातं आणि रंग उडतो. तेच टिपायचं असतं. फांद्यांची टोकं मुळातच पांढरी असतात, ती सोडा. हात तर लावूच नका, प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

हो, पावसाळ्यात तिथलं डायव्हिंग बंद असतं, त्यामुळे सहीची धावपळ गणपतीआधीच उरका. आणि खोल जायचंच नसेल तर ओहोटीला किनाऱ्यावर फिरून 'आयनॅचरलिस्ट' या निसर्गनोंदींच्या ॲपवर फोटो टाका. त्याला कुणाचीच सही लागत नाही.