कोड गेला एक्स्चेंजमध्ये

दिवाळीच्या ऑफरमध्ये जुना मोबाइल देऊन टाकला. ऑफिसच्या झूमला लागणारा सहा आकडी कोड त्यातल्या ॲपमध्येच यायचा, हे साफ विसरले. तो एसएमएसवरचा ओटीपी नव्हे. सिम नव्या फोनमध्ये घातलं म्हणून मागोमाग येत नाही.

सोमवारी अकराला क्लायंटची मीटिंग, होस्ट मी. साडेनऊला घरून आयटीला फोन लावला. "मॅडम, तिकीट टाका." तिकिटाच्या पोर्टललाही तोच कोड! सहकाऱ्याला सांगून तिकीट टाकलं. उत्तर आलं: ओळख पटवायला व्हिडिओ कॉलवर या, ओळखपत्र चेहऱ्याशेजारी धरा. लिंक उघडली, तर लॉगिनशिवाय प्रवेश नाही. आणि ही सेटिंग माझ्याच हट्टाने लागलेली. मागे एका मीटिंगमध्ये 'आयफोन' नावाने कोणीतरी तासभर बसून होतं, कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, तेव्हा मीच आरडाओरडा केला होता.

"अरे, व्हॉट्सॲपवर बघ ना माझा चेहरा!"

"पॉलिसीत नाही, मॅडम."

शेवटी ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकल पकडली, कोपरखैरणेला उतरून रिक्षाने महापे. त्या मुलाने ओळखपत्र पाहिलं, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि चार मिनिटांत रिसेट. साडेबारा वाजले होते. फोनवर चेहरा पाहून कोणालाही रिसेट देऊ नये, हे मलाही पटतं. पण मग ऑफिसला या, असं साडेनऊलाच सांगायचं होतं!

मीटिंग सहकाऱ्याने घेतली, तीही स्वतःच्या कायमच्या मीटिंग आयडीवर. त्याच आयडीवर साडेअकराला बोलावलेला व्हेंडर आमचे दर ऐकत थेट आत. वेटिंग रूम सुरू असती तर बाहेर थांबला असता. एप्रिल २०२० मध्ये गृह मंत्रालयाने झूम सरकारी कामासाठी वापरू नका म्हणून सांगितलं, तेव्हा इतरांसाठीही हेच बजावलं होतं: दर मीटिंगला नवा आयडी आणि पासवर्ड, वेटिंग रूम सुरू, सगळे आले की मीटिंग लॉक. निघताना होस्टने नुसतं 'लीव्ह' नाही, 'एंड' करायचं.

हो, आणि स्क्रीन शेअर करताना अख्खा डेस्कटॉप नको, फक्त ती एक विंडो. माझ्या नवऱ्याचा 'दूध आण' हा मेसेज क्लायंटने वाचलाय.

फोन बदलण्याआधी ॲप नव्या फोनवर सुरू करून एकदा लॉगिन करून बघा, मगच जुना द्या. ॲप हाताशी नसेल तेव्हा चालणारे रिकव्हरी कोडही मिळतात. माझे आता कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलेत.